विश्लेषण : साठीनंतर नुसते चालणे पुरेसे का नाही? दमाचा आणि ताकदीचा व्यायाम यांचा मेळ कसा घालायचा?

ठाणे पूर्वेच्या कोपरीतून तलावपाळीवर फिरायला जायचे तर बहुतेकांना आधी स्थानकाचा पादचारी पूल चढावा लागतो. तलावाभोवती गप्पा मारत आरामात फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी या जिन्यावर मात्र कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढताना दिसतात. फेऱ्या जमतात, मग पायऱ्या का जमत नाहीत? ‘वय झाले’ हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. चालण्याने हृदय आणि फुप्फुसे तयार राहतात. पायरी चढायला मांडीची ताकद लागते आणि ती सपाट रस्त्यावर चालून फारशी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन्ही व्यायाम वेगवेगळे सांगितले आहेत. आपल्याकडचा सल्ला मात्र अजूनही बहुधा ‘रोज अर्धा तास चाला’ येथेच थांबतो.

सूचना नेमक्या काय?

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, हा भाग अनेकांना ठाऊक असतो. त्याच सूचनांचा दुसरा भाग सहसा कोणी वाचत नाही. शरीरातील सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असे त्यात म्हटले आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आणखी एक भर आहे. तोल आणि ताकद यांवर भर देणारा मिश्र व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस, कारण पडणे टाळायचे आहे. म्हणजे वय वाढेल तसा ताकदीचा वाटा कमी करायचा नसून वाढवायचा आहे. घरोघरी नेमके उलटे होते. साठी उलटली की ‘आता जड उचलू नका’ असे मुलेच बजावतात आणि बाजाराची पिशवी हातातून काढून घेतात. प्रेमापोटीच, पण त्या दिवसातला ताकदीचा एकमेव व्यायामही त्याबरोबर जातो.

स्नायू झिजतात म्हणजे काय होते?

सत्तरीनंतर स्नायूंचे वस्तुमान वर्षाला साधारण एक टक्क्याने घटते, पण ताकद त्याच्या तिप्पट वेगाने, म्हणजे वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास घटते. हा फरक महत्त्वाचा आहे. स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे, तर काही झटकन आकुंचन पावून जोर देणारे. वयानुसार आधी आणि अधिक झिजतात ते दुसऱ्या प्रकारचे. चालताना शरीराला त्यांची गरजच पडत नाही, सावकाश तंतूंवर काम भागते. त्यामुळे रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाचेही झटक्याचे तंतू न वापरल्याने बाद होऊ शकतात.

ते लागतात कधी? ठेच लागल्यावर दुसरा पाय पटकन पुढे टाकून तोल सावरताना. जमिनीवरून उठताना. फलाट आणि लोकलचा डबा यांतली उंची एका पायावर चढताना. म्हणूनच चांगले चालणारी व्यक्ती न्हाणीघरात घसरते तेव्हा स्वतःला सावरू शकत नाही आणि खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर अनेकांचे घराबाहेर पडणे कायमचे थांबते.

या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘मांस कमी होणे’. अमेरिकेत त्याला आजार म्हणून स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळाला तो २०१६ मध्ये. तोपर्यंत हे ‘म्हातारपण’च होते.

झीज एकसारखीही नसते. ती पायरीपायरीने येते. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणात पडून राहायला सांगण्यात आले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू आणि गुडघा सरळ करण्याची १५ टक्क्यांहून अधिक ताकद गेली. हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकुनगुनियाने आठ-दहा दिवस झोपून काढलेले आजी-आजोबा ‘ताप गेला, पण पूर्वीसारखे वाटत नाही’ असे म्हणतात, त्यामागे हेही एक कारण असते. ताप उतरल्यावर गेलेली ताकद आपोआप परत येत नाही, ती मिळवावी लागते.

घरच्या घरी कसे ओळखायचे?

आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये आशियाई शरीरयष्टीसाठी वेगळे निकष ठरवले. त्यातला सर्वात सोपा खुर्चीचा. हात छातीवर घडी करून, आधार न घेता, खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पायांची ताकद घटत असल्याची शक्यता धरायची. दुसरा चालीचा. नेहमीच्या गतीने सहा मीटर अंतर जायला सहा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर तेही तसेच लक्षण. तिसरा मुठीच्या पकडीचा, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे उपकरण असते. पुरुषांमध्ये २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांमध्ये १८ किलोपेक्षा कमी पकड अशक्त समजली जाते. बरणीचे झाकण उघडायला नातवाला हाक मारावी लागत असेल, तर उपकरणाची तशी गरज नाही.

खुर्चीची चाचणी भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर आणि घरात दुसरे कोणी असताना करावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको.

वजन बरोबर असले तरी काळजी का?

याचे उत्तर पुण्यातून मिळाले. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, सारखाच होता : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा जे दाखवत नाही ते या एका छायाचित्राने दाखवले. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असले तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते. म्हणजे आपण म्हातारपणाकडे जातो तेच मुळात कमी शिल्लक घेऊन.

याचा मधुमेहाशी थेट संबंध आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा सर्वात मोठा ग्राहक स्नायू असतात. ते कमी असतील तर साखर रक्तात रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या बहुतेकांना चालण्याचा सल्ला मिळतो, आणि तो योग्यच आहे. पण स्नायू वाढवल्याशिवाय साखर साठवायची जागा वाढत नाही.

यात आता वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली आहे. ‘मौन्जारो’ मार्च २०२५ मध्ये आणि ‘वेगोव्ही’ जून २०२५ मध्ये भारताच्या बाजारात आले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे स्वस्त पर्यायांचा मार्ग खुला होतो. या औषधांनी घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचाही वाटा असतो. तो निरनिराळ्या चाचण्यांत एक चतुर्थांशापासून ४० टक्क्यांपर्यंत आढळला आहे. चाळिशीतला लठ्ठ माणूस हा तोटा सोसू शकतो. मुळातच कमी स्नायू असलेल्या सत्तरीतल्या मधुमेह्याने ताकदीच्या व्यायामाविना ही औषधे घ्यावीत का, हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारायला हवा.

मग चालणे सोडायचे का?

मुळीच नाही. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते आणि उतारवयात हा वेग वाढतो. तिला थोपवणारा स्वस्त उपाय चालणे, सायकल, पोहणे हाच. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ व्यक्तींवर सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ झालेल्या ‘लाइफ’ या चाचणीत (२०१४) मुख्य भर चालण्यावरच होता, जोडीला ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के लोकांची चालण्या-फिरण्याची क्षमता गंभीररीत्या बिघडली. फक्त आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटात हे प्रमाण ३५.५ टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही, पण आयुष्याच्या त्या टप्प्यावर स्वतःच्या पायांनी बाहेर जाणे किती मोलाचे असते ते ज्याचे त्याला ठाऊक.

मात्र दहा हजार पावलांचा हट्ट सोडायला हरकत नाही. हा आकडा विज्ञानातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. पंधरा अभ्यासांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात साठीपुढील लोकांमध्ये मृत्यूचा धोका सहा ते आठ हजार पावलांपर्यंत घटत गेला, त्यापुढे फारसा फरक दिसला नाही. आकडा गाठण्यासाठी रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालणाऱ्यांनी त्यातली वीस मिनिटे ताकदीला दिली तर अधिक फायदा होईल.

दोन्ही एकत्र केले तर एकमेकांना मारक ठरतात?

जिममध्ये ही शंका हमखास ऐकू येते. तिचा उगम रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात आहे. आठवड्यातून पाच दिवस वजने उचलणे आणि सहा दिवस धावणे-सायकल चालवणे हे दोन्ही करणाऱ्या तरुणांची ताकद सात-आठ आठवड्यांनी वाढायची थांबली. फक्त वजने उचलणाऱ्यांची वाढत राहिली. पण तो मारा खेळाडूंच्या तोडीचा होता. आठवड्यातून दोन दिवस उठबस आणि चार दिवस फेरफटका करणाऱ्या आजींना त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

ज्येष्ठांसाठी अधिक उपयोगी पुरावा २०१७ चा आहे. १६० लठ्ठ ज्येष्ठांवर वजन घटवताना तीन प्रकार करून पाहण्यात आले : फक्त दमाचा व्यायाम, फक्त ताकदीचा आणि दोन्हींचा मिलाफ. सहा महिन्यांनी शारीरिक कामगिरीच्या चाचणीत पहिल्या दोन गटांची सुधारणा प्रत्येकी १४ टक्के, तर मिलाफ करणाऱ्यांची २१ टक्के होती. फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांनी वजनाबरोबर पाच टक्के चरबीविरहित वस्तुमान गमावले, मिलाफ करणाऱ्यांनी तीन टक्के. दोन्ही एकाच दिवशी करायचे असतील तर आधी ताकदीचा, मग चालण्याचा व्यायाम करावा. थकलेल्या पायांनी उठबस नीट होत नाही आणि तोलही जातो.

ऐंशीत सुरुवात करून उपयोग होतो?

बोस्टनमध्ये १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आजही दाखला म्हणून दिला जातो. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांसाठी वजनाचा व्यायाम करून घेण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीतील स्नायूचे क्षेत्रफळ मात्र नऊ टक्केच वाढले. याचा अर्थ असा, की सुरुवातीची बरीच वाढ आकाराने नव्हे तर मेंदू आणि मज्जातंतू असलेल्या स्नायूंना नीट वापरू लागल्याने होते. म्हणूनच फरक महिन्याभरात जाणवतो, जरी आरशात काही दिसत नसले तरी.

आपल्या परिचयाचे उदाहरण मिलिंद सोमण यांच्या मातोश्री उषा सोमण यांचे. २०१६ मध्ये साडी नेसून अनवाणी मुलाबरोबर धावतानाची त्यांची चित्रफीत गाजली आणि जुलै २०२० मध्ये ८१ व्या वाढदिवशी त्यांनी पंधरा जोर काढले. धावणे आणि जोर, दोन्ही. अर्थात अशा चित्रफिती पाहून पहिल्याच दिवशी जोर काढायला जाऊ नये. सुरुवात भिंतीपासून करायची असते.

आठवडा कसा बसवायचा?

सोमवार आणि गुरुवार ताकदीचे धरले तर मधे पुरेशी विश्रांती मिळते. त्याच स्नायूंना ४८ तास मोकळे ठेवणे चांगले. जिम लागतेच असे नाही. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे, खिडकीच्या गजाला अडकवलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणे आणि जमिनीवरची पिशवी पाठ सरळ ठेवून उचलणे, एवढ्यात सारे मोठे स्नायू येतात. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, थोडे थांबून पुन्हा एकदा. पंचवीस मिनिटे पुरतात.

खरी मेख पुढे आहे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा वेळा हसतखेळत होऊ लागल्या की भार वाढवायचा. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. दोन्ही हातांत एकेक धरून उठबस करा, मग पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी धरा. वर्षभर त्याच अर्ध्या किलोच्या गुलाबी डंबेलांनी हात हलवत राहिल्यास फक्त करमणूक होते.

बाकीच्या दिवशी तीस-चाळीस मिनिटे चालणे. गती अशी हवी की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. मनगटी घड्याळातील नाडीच्या ठोक्यांवर फार विसंबू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी घेणाऱ्यांची नाडी मुळातच दबलेली असते. तोलासाठी वेगळा वेळ नको. दात घासताना, आधाराला हात टेकता येईल अशा जागी, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे पुरे. जून ते सप्टेंबर, रस्ते निसरडे असताना चालणे कमी होते, तेव्हा घरातला ताकदीचा दिवस दोनावरून तीनवर नेता येतो.

सूर्यनमस्कार, उद्यानातील यंत्रे यांचे काय?

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक आले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. सलग घातलेल्या नमस्कारांनी नाडी वाढते, दंड-खांद्यांवर भार येतो, सांधे मोकळे होतात. दम आणि ताकद एकाच व्यायामात आणणारा हा प्रकार खरोखर उत्तम आहे. उणीव दोन ठिकाणी. त्यात ओढण्याची क्रिया जवळजवळ नाही, त्यामुळे पाठीच्या वरच्या भागाला काम कमी पडते. आणि भार शरीराच्या वजनाएवढाच राहतो. बैठकांची आणि रबरी पट्ट्याची जोड दिली की ही उणीव भरून निघते.

उद्यानांतील ‘ओपन जिम’ची यंत्रे मात्र नीट पारखून वापरावीत. पाय पुढे-मागे झुलवण्याचे यंत्र किंवा कंबर फिरवण्याची तबकडी यांत भार जवळपास नसतो. ती सांधे मोकळे करायला ठीक, ताकदीच्या हिशेबात धरू नयेत. बसून स्वतःचे वजन हातांनी ओढण्याचे किंवा पायांनी ढकलण्याचे यंत्र असेल तर त्यावर वेळ द्यावा.

कोणी जपून?

रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये; जोर लावताना श्वास सोडावा, तोंडाने आकडे मोजले तरी पुरे. छातीत दुखणे, चक्कर, विश्रांतीतही धाप असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेल्यांनी जोर लावण्याचे व्यायाम नेत्रतज्ज्ञांना विचारूनच करावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा, खिशात साखर ठेवावी. गुडघेदुखी हे मात्र बहुतेकदा व्यायाम न करण्याचे कारण नसून करण्याचे कारण असते; मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. उंच खुर्चीपासून सुरुवात करावी.

खाण्याचा मुद्दा थोडक्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रथिनांची शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम हवे, असे अनेक तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. संध्याकाळी चहा-खारी आणि रात्री दूधभात यांवर हा हिशेब जमत नाही. उसळ, दही, अंडी, मासे, पनीर यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

सरकारी योजनांत याला जागा आहे का?

राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कुटुंबाचे उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यातून काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा घेता येतो. योगोपचार केंद्राचाही उल्लेख आहे. पण यादीचा भर ताकद गेल्यानंतरच्या आधारावर आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे छत्र मिळाले. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते मोठाच आधार, मात्र रुग्णालयातून घरी गेल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचाच खर्च त्यात बसतो. मोडलेल्या खुब्यानंतर पाय पुन्हा उभे करायला कित्येक महिने लागतात आणि तो फिजिओथेरपीचा खर्च कुटुंबाच्या खिशातून जातो.

संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाचवी व्यक्ती साठीपुढची असेल. दुसरीकडे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये जवळपास निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते. महापालिकांनी यंत्रे बसवली, आता त्यांच्याशेजारी आठवड्यातून दोन सकाळी एखादा फिजिओथेरपिस्ट उभा करणे फार खर्चाचे नाही.

जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत राहणाऱ्यांचा नकळत होणारा व्यायामही पुनर्विकासात संपतो. रोज तीन मजले चढणाऱ्यांचे चढणे लिफ्ट आल्यावर एका दिवसात बंद होते. हृदयाचा किंवा गुडघ्याचा गंभीर त्रास नसेल तर वरचे दोन मजले तरी पायी चढायला आणि उतरताना लिफ्टने यायला हरकत नाही. स्थानकाच्या पुलावर सरकते जिने आहेत तिथेही, पिशवी हलकी आणि गर्दी कमी असेल त्या दिवशी, साधा जिनाच घ्यावा. कठडा धरून चढले तरी चालते. एका पायरीवर एकच पाय पडला पाहिजे.